आदिवासी इतिहासाचा खुला डिजिटल संग्रह उभारताना

आदिवासी इतिहासाची साधने पुण्यात पुष्कळ आहेत. ती ज्या गावांची आहेत, तेथे मात्र त्यांपैकी जवळजवळ काहीच पाहायला मिळत नाही. पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह, डेक्कन कॉलेज आणि गोखले इन्स्टिट्यूटची ग्रंथालये, तसेच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि तिचे संग्रहालय ही सगळी ठिकाणे एकाच शहरात, एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. आंबेगाव किंवा जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील एखाद्या महादेव कोळी तरुणाला आपल्या पणजोबांच्या काळातील गावाविषयी वाचायचे झाले, तर त्याला दिवसाची मजुरी बुडवून एसटीने येथे यावे लागते, आणि कोणता कागद कोणत्या दालनात आहे हे आधीच ठाऊक असावे लागते.

हे अंतर मिटवण्यासाठी खुला डिजिटल संग्रह हवा. तो कसा उभारावा हे पुढे सांगितले आहे. लिहिताना माझ्यासमोर छोटे गट आहेत: दोन-तीन विद्यार्थी, एखादी ग्रंथपाल, आश्रमशाळेतील एक शिक्षक आणि ज्या वाडीचा इतिहास नोंदवायचा तेथील चार जाणती माणसे. मोठ्या निधीची अट नाही. एक आग्रह मात्र आरंभीच मांडते. संग्रह कोणाला, किती आणि केव्हा खुला करायचा, हे ज्यांचा तो इतिहास आहे त्यांनी ठरवावे. आणि जो संग्रह जगाला दिसतो पण त्या वाडीला दिसत नाही, त्याला खुला म्हणू नये. पुढची प्रत्येक तांत्रिक सूचना या आग्रहातून आलेली आहे.

स्कॅनरला हात लावण्यापूर्वी

पहिले काम गावात बैठक घेण्याचे आहे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. या कायद्याने समाजाच्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा ग्रामसभेचा अधिकार मान्य केलेला आहे. म्हणून कामाचा प्रस्ताव सरपंचांच्या कानावर घालून भागवू नये. तो ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि ठराव करून घ्यावा. ज्या वाड्या अनुसूचित क्षेत्राबाहेर आहेत, उदाहरणार्थ मावळ-मुळशीकडील कातकरी वस्त्या, तेथेही वाडीची बैठक घेऊन हेच करावे. तेथे तर अधिक काळजीने करावे, कारण कातकऱ्यांची वस्ती पुष्कळदा मोठ्या गावाच्या कडेला असते आणि गावाच्या सभेत त्यांचा आवाज पोहोचतोच असे नाही.

ठरावात काय असावे? मूळ कागद मालकाच्याच घरी राहतील. प्रत्येक कागदाची एक प्रत कुटुंबाला व एक गावाला मिळेल. काय उघड करायचे आणि काय राखून ठेवायचे हे गावातील समिती ठरवेल, आणि त्या समितीत स्त्रिया असतील. पुढे कोणी मजकूर काढून टाका म्हणाले तर तो किती दिवसांत काढला जाईल. एवढ्या चार गोष्टी साध्या मराठीत एका पानावर मावतात.

याबाबतीत जगात इतरत्र झालेले काम उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ नावाची संग्रहप्रणाली आकाराला आली. कोणती वस्तू स्त्रियांनीच पाहावी, कोणती विशिष्ट कुळानेच पाहावी, कोणत्या छायाचित्रातील व्यक्ती आता हयात नाही, हे त्या समाजाचे संकेत त्या प्रणालीत थेट बसवता येतात. ती मोफत मिळते. २०१९ मध्ये मूलनिवासी समाजांच्या जागतिक जाळ्याने माहितीच्या वापरासाठी चार तत्त्वे मांडली: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती. आपल्याकडे कागदावर सही घेतली की संमती झाली असे मानण्याची सवय आहे; ती सवय या चार तत्त्वांपुढे टिकत नाही.

एका वाडीत मी एका आजींच्या पडवीत बसले होते. त्यांनी सकाळीच संमतिपत्रावर अंगठा दिला होता. बाळहिरडा कोणत्या डोंगरातून आणायचा, व्यापारी तो कसा मापून घेत, धरणाच्या वेळी कोणती घरे कोठे हलली, हे त्या दोन तास मोकळेपणाने सांगत होत्या. मग देवराईतील एका जागेचा विषय निघाला. चार वाक्ये बोलून त्या थांबल्या, माझ्या मांडीशेजारच्या फोनकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पोरी, एवढं त्यात नको घालू. हे आमचं आमच्यापुरतं.” मी ध्वनिमुद्रण थांबवले, ती चार वाक्ये त्यांच्यासमोर पुसली आणि उरलेला भाग त्यांना पुन्हा ऐकवला. सकाळचा अंगठा त्या क्षणी निरुपयोगी होता. तेव्हापासून आम्ही संमती दोनदा घेतो: एकदा बोलण्याआधी आणि एकदा, सगळे ऐकून झाल्यावर, काही दिवसांनी. दुसऱ्या वेळी माणसे बऱ्याचदा काही वगळायला सांगतात. क्वचित, आधी वगळलेले घालायलाही सांगतात.

संमतिपत्रात ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच पर्याय नसावेत. फक्त कुटुंबासाठी, फक्त गावासाठी, अभ्यासकांनी विचारल्यास, सर्वांसाठी, अशा पायऱ्या ठेवाव्यात. आणि अमुक वर्षांनंतर खुले करा, असे म्हणण्याचीही सोय असावी.

साधने कोठे शोधावीत

पुण्यातील छापील साधनांपासून सुरुवात करणे सोपे जाते, कारण त्यांतील बराच भाग स्वामित्वहक्कातून मुक्त झालेला आहे. १८८५ साली तीन भागांत निघालेला पुणे जिल्ह्याचा गॅझेटियर, ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा १९०५ मधील सातवा खंड, ज्यात कातकरी, ठाकरी, वारली या बोलींचे नमुने आहेत, जुने जनगणना अहवाल, सर्व्हे व सेटलमेंटचे अहवाल हे सगळे आधी गोळा करावे. यांतील पुष्कळ पुस्तकांचे स्कॅन आंतरजालावर आधीच उपलब्ध आहेत. ते पुन्हा स्कॅन करण्यात दिवस घालवण्याऐवजी आपल्या भागाशी संबंधित पाने निवडून त्यांचा मराठी अनुवाद व सूची तयार करावी. गावातील वाचकाला हजार पानांचा इंग्रजी खंड देऊन काही साधत नाही. त्याच्या गावाविषयीचे दीड पान मराठीत दिले तर साधते.

सरकारी कागद हा दुसरा थर. सात-बारा, फेरफार, कडईपत्रक, जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, रायगडकडच्या ठाकर-कातकऱ्यांच्या बाबतीत दळी जमिनींच्या (जंगलात कसायला दिलेल्या तुकड्यांच्या) नोंदी, ही नावे गावातल्या माणसांना तोंडपाठ असतात. या कागदांचे महत्त्व इतिहासापुरते नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांत गॅझेटियर, जनगणना, सेटलमेंट अहवाल, नकाशे हे पुरावे म्हणून चालतात, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही चालते. म्हणजे आपण नीट जतन केलेले एखादे पान कोणाच्या तरी जमिनीचा आधार ठरू शकते. तारीख, पृष्ठक्रमांक आणि मूळ कागद कोठे आहे याची नोंद यांत चूक करू नये असे मी वारंवार सांगते, ते यासाठी.

याच कारणासाठी एक मोठी सावधगिरीही घ्यावी लागते. अनुसूचित जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना फार वजन असते. अशा काळातील शाळेची रजिस्टरे आडनावांसह उघड करून ठेवली, तर दुसऱ्याच्या वंशावळीवर आपला दावा सांगणाऱ्यांच्या हाती आयते साधन पडते, आणि त्याची झळ खऱ्या आदिवासी कुटुंबांना बसते. अशी पाने डिजिटल अवश्य करावीत. ती संबंधित कुटुंबालाच मिळतील अशा पायरीवर ठेवावीत. देवराईचे नेमके स्थान, औषधी वनस्पती कोणत्या ओढ्याकाठी सापडते, कोणत्या रोगावर कोणते मूळ चालते, ही माहितीही याच वर्गातली. छायाचित्राच्या फाइलमध्ये फोन आपोआप अक्षांश-रेखांश भरतो, म्हणून ते प्रकाशनापूर्वी काढून टाकावेत.

तिसरा थर घरांत आहे. पत्र्याच्या पेटीत, फडक्यात बांधलेल्या पावत्या, जंगल खात्याच्या दंडाच्या चिठ्ठ्या, सावकाराचे खत, लग्नातला एखादा फोटो, मोर्चाचे पत्रक, पतपेढीचे पासबुक. हे कागद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाहीत. माझा कल असा आहे की वेळ थोडा असेल तर आधी हाच थर घ्यावा. गॅझेटियर कोठेही जात नाही, पेटीतले कागद मात्र एका पावसाळ्यात जातात.

कागद हाताळणे आणि त्याची प्रतिमा घेणे

पेटी उघडल्यावर कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रम आधी फोनवर टिपून ठेवावा. कोणती पावती कोणत्या पत्रात गुंडाळली होती, यातूनही पुष्कळ समजते. गंजलेल्या टाचण्या ओढू नयेत. पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून सैल कराव्यात. धूळ मऊ कुंचल्याने, मध्यापासून कडेकडे झाडावी. थुंकी लावून पान उलटू नये, चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीही करू नये. एका घरात फार जपून ठेवलेली जंगल खात्याची जुनी परवानगी मी पाहिली. कुटुंबाने ती प्रेमापोटी लॅमिनेट करून आणली होती, आणि आत कोंडलेला कागद तपकिरी पडून शाई इतकी विरली होती की तारखेतील शेवटचा आकडा आम्हांला लावता आला नाही. कागद आता बाहेरही काढता येत नव्हता. म्हणून गावातील पहिल्याच बैठकीत लॅमिनेशनविषयी बोलावे आणि त्याऐवजी आम्लरहित कागदाची पाकिटे व घट्ट झाकणाची पेटी द्यावी.

सपाट स्कॅनर असेल तर उत्तमच, परंतु जीर्ण कागद व शिवलेल्या वह्या त्यावर दाबू नयेत. त्यांसाठी कॅमेरा वरून सरळ खाली रोखणारा स्टँड लागतो. तो सुताराकडून थोड्या खर्चात करून घेता येतो. दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर दोन पांढरे दिवे, खाली करडा किंवा काळा कागद, कडेला मोजपट्टी आणि रंगपट्टी. मजकुराच्या कागदाला किमान ३०० डीपीआय (दर इंचातील बिंदूंची संख्या), मोडी हस्तलिखितांना व छायाचित्रांना ४०० ते ६०० डीपीआय ठेवावे. कागद कोरा दिसला तरी मागील बाजूही घ्यावी. शिक्के आणि शेरे बहुधा तेथेच असतात.

मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी आणि तिला पुन्हा कधीही हात लावू नये. पाहण्यासाठी जेपीईजी किंवा पीडीएफ वेगळे काढावे. चारशे डीपीआयचे एक रंगीत ए-४ पान टिफमध्ये सुमारे ४६ एमबी होते, म्हणजे हजार पानांना सुमारे ४६ जीबी. हा हिशेब आधी करावा, नाहीतर निम्म्या कामावर डिस्क भरते आणि माणसे घाईने दर्जा उतरवतात.

फाइलचे नाव हे वर्णन नसून पत्ता असतो. गावाचे संक्षिप्त अक्षर, संचाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, पानाचा क्रमांक, एवढेच त्यात असावे आणि आकडे ०००१ असे शून्यांसह लिहावेत. वेगवेगळ्या संगणकांवर अडचण येऊ नये म्हणून फाइलच्या नावांत रोमन अक्षरे व आकडेच वापरावेत, जागा सोडू नये. मराठी शीर्षक नोंदीत येते, फाइलच्या नावात नाही.

आवाज

भाताच्या लावणीच्या आणि काढणीच्या दिवसांत मुलाखतीला जाऊ नये. आपण लोकांचा दिवस खातो. पावसात पत्र्याच्या घराखाली ध्वनिमुद्रण होतच नाही. फोन विमान मोडवर टाकावा, कॉलरला लावायचा साधा माइक वापरावा आणि मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात करावे. एका कानाच्या, म्हणजे मोनो, तासाभराच्या मुद्रणाला सुमारे अर्धा जीबी लागतो. आरंभी तारीख, स्थळ, बोलणाऱ्याचे नाव, बोली आणि उपस्थितांची नावे मोठ्याने सांगावीत. प्रश्न छोटा विचारावा आणि उत्तरानंतरची शांतता सोसावी.

उतरवून घेताना बोली बदलू नये. सांगणारा ज्या रूपात बोलला त्याच रूपात लिहावे, आणि हवे तर शेजारी प्रमाण मराठी द्यावे. जोडीला गावातीलच तरुण मुलगा किंवा मुलगी बसवावी व तिला त्या कामाचे मानधन द्यावे. पुण्याहून आलेल्या माणसाला जे शब्द ऐकूही येत नाहीत, ते तिला सहज कळतात.

नोंद: संग्रहाचा खरा कणा

प्रतिमा घेणे महिनाभरात होते. नोंदी करायला वर्ष लागते, आणि बहुतेक संग्रह येथेच दमतात. नोंदींसाठी डब्लिन कोअर ही पंधरा घटकांची रचना पुरेशी आहे: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, तारीख, भाषा, स्थळ-काळाची व्याप्ती, हक्क इत्यादी. सुरुवातीला साधा स्प्रेडशीट तक्ता पुरतो. भाषेच्या रकान्यात सरसकट ‘मराठी’ लिहू नये. वारली, कातकरी, कोरकू, गोंडी यांना आंतरराष्ट्रीय मानकात स्वतंत्र संकेत आहेत. ते वापरले तरच पुढे कोणी कातकरी बोलीतील सगळी मुद्रणे एकत्र शोधू शकेल.

नावांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. एकाच जमातीचे नाव कोळी महादेव, महादेव कोळी, इंग्रजीत तीन-चार प्रकारांनी आणि काही जुन्या कागदांत नुसते कोळी असे येते. कातकरी कोठे काथोडी म्हणून नोंदलेले असतात. दोन्ही नावे काताच्या व्यवसायावरून आलेली. गावांचेही तसेच. जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले; तालुक्याला आंबेगावचे नाव राहिले आणि मुख्यालय घोडेगावला आहे. म्हणून नावांची एक वेगळी सूची करावी, त्यात प्रत्येक नावाची सर्व रूपे एका ठरलेल्या रूपाशी जोडावीत, आणि ठरलेले रूप त्या समाजाला विचारून निवडावे.

याहून कठीण बाब म्हणजे जुन्या कागदांनी माणसांना दिलेली विशेषणे. होनाजी केंगले यांचे उदाहरण घ्या. १८७३ च्या सुमारास पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात त्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि १८७६ मध्ये ते पकडले गेले. गॅझेटियर त्यांच्याविषयी लिहितो तो पोलिसांच्या नजरेतून, दरोड्यांच्या जमाखर्चात. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलेले राघोजी भांगरे यांच्याबद्दलही सरकारी कागदाची भाषा तीच आहे, आणि १८७१ च्या कायद्याने तर पुढे संपूर्ण जमातीच ‘गुन्हेगार’ ठरवल्या. आपण विषयाच्या रकान्यात ‘दरोडेखोर’ हा शब्द कागदावरून उचलून टाकला, तर शोधयंत्र तोच शब्द पुढची पन्नास वर्षे त्या नावाला चिकटवून ठेवेल.

येथे दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. मूळ कागदाचे शीर्षक बदलू नये. इतिहासाच्या साधनात दुरुस्ती करण्याचा हक्क आपल्याला नाही, आणि सत्तेने कोणती भाषा वापरली हाही पुरावाच आहे. ते शीर्षक अवतरणात, ‘मूळ शीर्षक’ या रकान्यात, कोणी व कोणत्या साली दिले यासह ठेवावे. संग्रहाने दिलेले शीर्षक वेगळे असावे आणि ‘समाजाचे कथन’ असा आणखी एक रकाना ठेवावा. आजही वाडीत त्या घटनेविषयी काय सांगितले जाते, कोणते गाणे म्हटले जाते, ते त्यात यावे. कागद आणि कथन जुळले नाहीत तर दोन्ही तसेच ठेवावेत. जुळवून घेण्याचे काम अभ्यासकाचे आहे, नोंद करणाऱ्याचे नाही.

तारखांबद्दल थोडेसे. मोडी कागदांत शके, फसली आणि सुहूर सन भेटतात. शकात ७८, फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो, पण वर्षारंभ वेगवेगळे असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो. मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यात आणि काढलेली तारीख ‘सुमारे’ या शेऱ्यासह दुसऱ्यात लिहावी.

मोडीचे लिप्यंतर अजून तरी वाचकाने बसून करावे हेच बरे. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली, त्यामुळे ती टंकित करता येते. परंतु धावत्या हातची मोडी यंत्राने बिनचूक वाचावी इतकी सोय अजून भरवशाची नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद बहुधा नसतो, म्हणून लिप्यंतरात आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे सुधारणा करू नये. छापील मराठी मजकुरासाठी टेसरॅक्टसारखे अक्षरओळख सॉफ्टवेअर चांगले चालते, त्यानंतर एका माणसाने तपासावे. संघटनांकडील जुने अहवाल बहुतेक वेळा डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. ते उघडले की अक्षरांचा चिवडा दिसतो. अशा फाइल आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात आणि जोडाक्षरे, विशेषतः रफार, नजरेखालून घालावेत.

हक्क आणि परवाने

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो आणि ही गणना पुढील वर्षाच्या आरंभापासून होते. म्हणजे १९६४ साली निधन झालेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले. शासकीय प्रकाशनांसाठी प्रकाशनापासून ६० वर्षे धरावीत. घरातली पत्रे व मुलाखती यांबाबत कुटुंबाची लेखी परवानगी हाच मार्ग.

खुल्या परवान्यांपैकी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने सर्वांत रूढ आहेत. श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कोणीही वापरावे, असा परवाना दिला तर साहित्य विकिमीडिया कॉमन्सवर व मराठी विकिस्रोतावर नेता येते. ‘व्यापारी वापर नको’ ही अट घातली तर विकिमीडिया कॉमन्स ते स्वीकारत नाही. इंटरनेट अर्काइव्हवर मात्र ठेवता येते. गावाला दोन्हींतला फरक समजावून सांगावा. वारली चित्रांच्या नकला कापडावर छापून विकल्या जातात हे सर्वांनी पाहिलेले असते, त्यामुळे लोक ‘व्यापारी वापर नको’ असे म्हणाले तर त्यांचे म्हणणे मानावे. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगावी: हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. शंका असेल तर साहित्य बंद ठेवून सुरुवात करावी. पुढे केव्हाही खुले करता येते, उलट करता येत नाही. ज्यांचे कायदेशीर हक्क संपले आहेत पण समाजाचा संकेत कायम आहे, अशा साहित्यासाठी ‘पारंपरिक ज्ञान’ दर्शवणारी लेबले २०१० पासून विकसित झाली आहेत. ती परवान्याच्या जोडीला लावावीत.

कोठे ठेवावे

संग्रह मांडण्याच्या संगणक-प्रणालींपैकी लहान संग्रहाला ओमेका सोयीचे पडते, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या आधाराने चालणाऱ्याला डीस्पेस, आणि पाहण्याच्या पायऱ्या काटेकोर हव्या असतील तर मुकुर्तू. तिन्ही मोफत व मुक्त स्रोत आहेत. प्रणाली कोणतीही घ्या, नोंदींचा तक्ता साध्या सीएसव्ही फाइलमध्ये दर महिन्याला बाहेर काढून ठेवावा. प्रणाली बदलतात, तक्ता टिकतो.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. पुणेकरांना याचे कारण वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतील घरांबरोबर घरांतले कागदही गेले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवरील हल्ल्यात ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलच्या संपूर्ण आशयावरून काढलेला ओळखीचा आकडा, तक्त्यात लिहावा आणि वर्षातून दोनदा तो पुन्हा काढून ताडून पाहावा. जुळला नाही तर ती प्रत खराब झाली असे समजून दुसऱ्या प्रतीवरून ती बदलावी.

वाडीत परत

डोंगराच्या कुशीतील वाड्यांत मोबाइलची रेंज जेमतेम असते, म्हणून संकेतस्थळ सुरू झाले की काम झाले असे धरू नये. आश्रमशाळेत किंवा ग्रामपंचायतीत रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आणि वाय-फाय राउटर ठेवला तर इंटरनेट नसतानाही जवळ आलेल्या कोणत्याही फोनवर संपूर्ण संग्रह उघडतो. ध्वनिमुद्रणे मेमरी कार्डवर भरून द्यावीत. छायाचित्रे मोठ्या आकारात छापून समाजमंदिरात लावावीत. त्यांखाली माणसे उभी राहिली की ज्या फोटोत आपण ‘अनोळखी स्त्री’ लिहिले होते तिचे नाव, माहेर आणि आडनाव अर्ध्या तासात कळते. आमच्या एका गटछायाचित्रातील अकरापैकी नऊ नावे अशीच मिळाली.

त्या छापील प्रतींच्या शेजारी दोरीने बांधलेली एक वही व पेन ठेवावे. लोकांनी सांगितलेली प्रत्येक दुरुस्ती, सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह, तिच्यात लिहावी, महिन्यातून एकदा ती नोंदींच्या तक्त्यात चढवावी आणि कोणती चढवली, कोणती का थांबवली, हे पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. संकेतस्थळाच्या नावाच्या नूतनीकरणाची तारीख, सर्व पासवर्ड आणि तिन्ही प्रतींचे पत्ते एका बंद लिफाफ्यात घालून तो ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावा व त्याची पोच घ्यावी. दरवर्षी मार्चमध्ये, वर्षाचे हिशेब होतात तेव्हाच, तो लिफाफा समितीसमोर उघडून अद्ययावत करावा.